लग्नघराचे हत्ती

शाळेत चित्रकलेची बाई नेमकी काय करते, हे मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. प्रमाणपत्रांवर सुबक अक्षरात नावं घालते. पाहुणे येणार असले की फलक रंगवते. दारात रांगोळी काढते. एखादे सर रजेवर असले की त्यांच्या वर्गात जाऊन पोरांना गप्प बसवते. हे सगळं मी केलं, आणि येत्या उन्हाळ्यात निवृत्त होईपर्यंत करीनही. पण वेळापत्रकात ज्या दोन तासांपुढे ‘चित्रकला’ लिहिलेलं असतं, त्या तासांत काय चालतं हे सहसा कोणी विचारत नाही. ते सांगावं म्हणून हा लेख.

आमची शाळा वाशीम जिल्ह्यात, मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. मी स्वतः मालेगावची. वडील बाजारात हमाल होते. पोत्यांवर व्यापाऱ्याची खूण उठवायला पत्र्याचा कापलेला साचा असतो. सुटीत वडिलांचा डबा घेऊन गेले की त्या साच्यावरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचं काम मी हट्टानं मागून घ्यायची. साचा उचलला की पोत्यावर ठसठशीत अक्षरं उमटायची. मला ती जादूच वाटायची. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. चित्रकलेचे सर एकदा घरी आले आणि वडिलांना म्हणाले, “पोरीचा हात चांगला आहे, अमरावतीला शिकायला पाठवा.” हात चांगला म्हणजे काय, हे वडिलांना कळलं असेल असं वाटत नाही. पण मास्तर आपल्या उंबऱ्याशी आले, एवढ्यावर त्यांनी मला पाठवलं. पुढे नोकरी लागली, नोकरी करता करता बाहेरून पदवी घेतली. हे सगळं त्या एका संध्याकाळच्या भेटीमुळे. तिची परतफेड करायची तर आपणही कुणाच्या तरी उंबऱ्याशी गेलं पाहिजे, असं मला नेहमी वाटत आलं.

आता धंद्यातल्या अडचणी. पोरांकडच्या रंगपेटीत पांढरा रंग सगळ्यात आधी संपतो, कारण पोरं तो सगळ्या रंगांत कालवतात. मग उरलेलं वर्षभर ढग कागदाच्या कोऱ्या जागेतून काढावे लागतात. अर्थात, जागा कोरी सोडायला शिकणं हाही चित्रकलेचा मोठा धडा आहे, असं मी पोरांना समजावते आणि वेळ मारून नेते. जाड कागदाचं सांगितलं तर पालक म्हणतात, “सोयाबीन निघू द्या म्याडम, मंग पाहू.” सोयाबीन निघतं तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं.

म्हणून आम्ही आमचे रंग करायला लागलो. गेरू, चुना, कपड्यांची नीळ, नाल्याकाठची पिवळी माती, दिव्याची काजळी. चिकटपणाला बाभळीचा डिंक. शिंदीची काडी भिजवून दगडानं ठेचली की तिचा ब्रश होतो आणि तो विकतच्यापेक्षा जास्त टिकतो. चुकतमाकत शिकलो. शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीवर एका मुलानं हळदीचा पिवळाधमक सूर्य काढला, तो बघता बघता लाल झाला. चुना आणि हळद एकत्र आले की कुंकवाचा रंग होतो, हे घरोघरच्या आयांना ठाऊक असतं, पण चित्रकलेच्या बाईला सुचलं नव्हतं. “म्याडम, सूर्य मावळून राह्यला,” असं पोरं ओरडली. तेव्हापासून भिंतीवर हळद बंद, पिवळी माती सुरू.

रंग झाले, पण कागद कुठून आणायचा? त्याचं उत्तर गजाननभाऊंनी आणून दिलं.

गजाननभाऊ गावातले शेतकरी. त्यांची मुलगी वैशाली आमच्याच शाळेत शिकलेली. माघ महिन्यात तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नघराची भिंत लिहायची रीत आहे. दर्शनी भिंतीला चुना द्यायचा, वर गणपती, दाराच्या दोन बाजूंना हत्ती, कलश, वेली आणि मध्ये नवरा-नवरीची नावं. भिंत लिहिलेली दिसली की रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं, या घरी मांडव पडणार आहे. गजाननभाऊ शाळेत आले ते थेट माझ्याकडे.

“म्याडम, भिंत लिहून पाह्यजे होती.”

“पेंटर नाही का तुमचा?”

“तो आता कायले येते! वाशीमले फ्लेक्सची मशीन टाकली त्यानं. म्हनते, फोटो पाठवा, चहा पेऊस्तोवर काढून देतो. मले चाललं असतं. पन माही बहीण इंझोरीवरून दम देऊन राह्यली, का फ्लेक्सवर लग्न लागत नसते.”

मी हो म्हणाले, आणि मग मुख्याध्यापकांकडे गेले. सर चांगले आहेत, पण त्यांच्यापुढे दहावीचा निकाल कायम उभा असतो.

“मॅडम,” ते म्हणाले, “उद्या पालक विचारतील, लेकरं शिकायला पाठवली की मजुरीला?”

“सर, एवढा मोठा कागद मी त्यांना कधी देऊ शकणार आहे?”

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. “गणिताचे सर नववीसाठी जादा तास मागत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. मी स्पष्ट सांगतो. पालकांना विचारा आणि ही एक भिंत करा. गावातून एक जरी तक्रार आली, तर पुढच्या सत्रापासून नववीचे चित्रकलेचे दोन्ही तास गणिताला. नाही आली, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.”

मी पालकांना घरोघरी जाऊन विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही. एका वडिलांनी एवढंच विचारलं, “आमच्या पोट्ट्याले रंगवता येते? घरी तं पान्याचा गिलास उचलत नाई!”

नववीचा वर्ग कामाला लागला. गटाची पुढारी आपोआप पौर्णिमा झाली. तिची आई शाळेत खिचडी शिजवते. पोरगी अंगानं काडीसारखी आणि जिभेनं मिरचीसारखी. आधी वहीवर चौकटी आखून छोटं चित्र काढलं. मग गेरूत बुडवलेलं सूत दोघांनी ताणून धरायचं आणि तिसऱ्यानं चिमटीत उचलून सोडायचं. फट्‌कन भिंतीवर सरळ रेघ उमटते. वहीतली एक चौकट म्हणजे भिंतीवरची एक वीत. वहीतल्या चौकटीत सोंडेचा जेवढा तुकडा आहे, तेवढाच भिंतीवरच्या चौकटीत काढायचा. एवढीशी आकृती एवढी मोठी कशी करायची, याचं सगळं रहस्य इतकंच आहे. पहिल्यांदा सूत सुटलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोत्यावरून साचा उचलल्यावर मला व्हायचा, तसलाच तो आनंद होता.

हत्ती कोणत्या बाजूला तोंड करून काढायचे, याची वर्गात चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, “दाराकडं.” पौर्णिमा म्हणाली, “काहून? पोरीचं लग्न हाय ना? पोरगी घरातून जाते. हत्ती तिच्या वरातीत पुढे चालतीन, का घरात घुसतीन?”

मला फार कौतुक वाटलं. विषय समजून चित्र काढा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. कोणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं. दोन्ही हत्ती दाराकडे पाठ करून, सोंडेत हार उंच धरून वरातीला निघालेले काढायचे, असं ठरलं.

दुपारच्या तासाला आणि शाळा सुटल्यावर काम चालायचं. चुन्यात काजळी आणि चिमूटभर निळीचं पाणी घालून हत्तीचा करडा रंग केला. शेजारच्या खळ्यात तुरी निघत होत्या. तिथला भुसा उडून ओल्या रंगावर बसायचा आणि हत्तींना खरोखरचे केस फुटायचे. येणारा-जाणारा थांबून सल्ला देत होता. रोज बकऱ्या घेऊन जाणारे एक बाबा म्हणाले, “पाय पाहा ना लेकायनो. हत्ती हाय का हरन?” पोरांनी निमूटपणे पाय जाड केले. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “आता कसा, पोट्टे हो!” माझ्या शेऱ्यानं कधी फुलली नव्हती इतकी पोरं त्या एका वाक्यानं फुलली.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळीच, भिंत पूर्ण झाली. दाराच्या वर गणपती, खाली लाल अक्षरांत वैशालीचं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव, आणि दोन बाजूंना दोन डौलदार हत्ती. पोरं हात धुवत होती. तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि इंझोरीची आत्या उतरली.

कौसाआत्या म्हणजे गजाननभाऊंची थोरली बहीण. पिशवी खाली न ठेवताच ती भिंतीसमोर उभी राहिली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“गजानन! हे हत्ती कुठं चालले?”

“वरातीत चालले आत्या,” पौर्णिमानं अभिमानानं सांगितलं.

“वरातीत नाई बाई, घर सोडून चालले! घरची लक्ष्मी पाठ फिरवून चालली, आन तू चहा पेऊन राह्यला काय रे?”

गजाननभाऊंनी कप खाली ठेवला. वैशालीचे मामा शिरपूरहून आदल्या दिवशीच आले होते, त्यांनी तोंड घातलं. “अवो ताई, पोरीचं घर हाय. जानारीच हाय ना ते.”

“पोरगी जाते, लक्ष्मी नाई जात! तुमच्या शिरपुरात जात असन.”

“आमच्या शिरपूरचं नाव कायले घेता?”

मग अंगणात दोन पक्ष पडले. पोरीच्या घरी हत्ती बाहेर तोंड केलेलेच असतात, असं मामांचं म्हणणं. हत्ती कोणाच्याही घरचा असो, दारातून आतच आला पाहिजे, असं आत्याचं. बकऱ्यावाले बाबा म्हणाले, त्यांच्या लग्नात भिंतीवर हत्ती नव्हतेच, मोर होते, आणि मोर एकमेकांकडे पाहत होते. त्यामुळे कोणाचाच फायदा झाला नाही.

शेवटी आत्या माझ्याकडे वळली. “म्याडम तुमीच काय? चित्र लय सुंदर हाय बाई, खोटं कायले बोलू. पन असे हत्ती मी राहू देनार नाई. आज संध्याकायपर्यंत फिरले नाईत, तं उद्या तुमच्या हेडमास्तराकडं जातो मी. लेकरायले रीत नाई शिकवत काय शायेत?”

नववीचे दोन्ही तास माझ्या डोळ्यांसमोरून चालू लागले. तेही दाराकडे पाठ करून.

भिंत पुसून नव्यानं काढावी, तर तेवढ्या वेळात जमणार नव्हतं. एका कोपऱ्यात चुन्याचा हात देऊन पाहिला. काजळी वर आली आणि धुराचा लोट उठल्यासारखं दिसू लागलं. काजळी दाबायला चुन्याचे दोन-तीन हात लागले असते, आणि प्रत्येक हात वाळायला वेळ. पोरं हिरमुसली होती. मी त्यांना म्हणाले, “चित्र तुमचं चुकलेलं नाही. ज्यांची भिंत त्यांना आपण विचारलं नाही, एवढंच झालं.” पण त्यानं हत्ती वळत नव्हते.

पौर्णिमा एकटीच भिंतीसमोर उकिडवी बसली होती. मान तिरकी करून पाहत होती. मग उठली आणि दोन्ही हातांनी हत्तीचं डोकं झाकलं. नुसतं धड राहिलं.

“म्याडम, हत्तीचं मधलं सारकंच हाय. इकडून पाहा, का तिकडून पाहा.”

“मग?”

“पुसाचं कायले? टोकं बदलू.”

“म्हंजे शेपटीले सोंड?” एक मुलगा हसत सुटला. पण हसता हसता तोही थांबला, कारण ते बरोबर होतं.

चित्रकलेत आम्ही आकार पाहायला शिकवतो. वस्तूचं नाव विसरा आणि नुसता आकार पाहा, हे शिकवायला वर्षं जातात. त्या पोरीनं हत्ती हे नावच पुसून टाकलं होतं. तिला भिंतीवर एक मोठा करडा गोळा आणि दोन टोकं दिसत होती.

पटापट कामं वाटली गेली. मागच्या बाजूला, जिथे भिंत कोरी होती, तिथे नवं डोकं, नवा कान, नवी सोंड. जुन्या डोक्यावर पाठीवरची झूल ओढून घेतली. गेरूचा लाल जाड बसतो, त्याखाली कान आणि डोळा दोन्ही गडप झाले. सुळ्याचा झाला झुलीचा गोंडा. अडचण एकच राहिली. जुनी सोंड उंच उभारलेली होती आणि तिच्यात हार होता. हत्तीच्या पाठीमागे आभाळात गेलेलं ते काय म्हणून सांगायचं?

तेवढ्यात घरातून वैशाली स्वतः बाहेर आली. नवरीला बाहेर फिरू देत नाहीत, पण ती बराच वेळ दारातून पाहत होती. “केयीचा खांब करा ना,” ती म्हणाली. “आन हाराचा घड.”

मांडवाला केळीचे खांब असतातच. पिवळ्या मातीत नीळ मिसळून हिरवा केला, खालच्या करड्यामुळे तो छान गडद झाला. सोंडेची केळ झाली, हाराची केळी झाली. आत्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागत होती. “दात कुठं गेला?” “गोंडा झाला आत्या.” “कान?” “झुलीखाली.” “आन हे काय?” “ते अजून काईच नाई आत्या, थांबा ना जराशा.”

दिवस मावळायच्या आत दोन्ही हत्ती दाराकडे तोंड करून उभे होते. आत्या उठली. आधी एका हत्तीजवळ गेली, मग दुसऱ्या. बराच वेळ पाहून म्हणाली, “मागून लय भरला वो हा.”

खरंच होतं. डोक्याच्या जागी आता मागचा पुठ्ठा आल्यामुळे हत्ती मागून फारच रुंद झाले होते. मी काही बोलणार, तोच पौर्णिमा म्हणाली, “खात्यापित्या घरचा हाय आत्या. तुमच्याच माहेरचा.”

आत्यानं वळून पौर्णिमाकडे पाहिलं. मग आत्या इतकी हसली की तिला पुन्हा खुर्चीवर बसावं लागलं. मामाही हसले. हसता हसता त्यांनी आत्याला चहाचा कप दिला, म्हणजे शिरपूरचं प्रकरणही मिटलं.

लग्नाला मुख्याध्यापक सर जेवायला आले होते. मी पंगतीत लांबून पाहत होते. आत्यानं त्यांना भिंतीसमोरच गाठलं.

“तुमीच काय हेडमास्तर? माही तक्रार हाय.”

माझा घास हातातच राहिला. सर गंभीर झाले. “बोला ताई.”

“गेल्या साली माह्या पोराचं लग्न झालं. तवा कुठं दडवून ठेवले होते हे पोट्टे?”

पंगतीत हशा पिकला, त्यात सर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी तो घास खाल्ला, आणि नंतर जिलेबी दोनदा मागून घेतली.

निघताना वैशाली आईच्या गळ्यात पडून रडली, मग आत्याच्या. गाडीत बसण्याआधी तिनं भिंतीकडे पाहिलं आणि डोळे पुसत पौर्णिमाला म्हणाली, “बरं झालं फिरवले. मी माहेरी येईन तवा हे माह्यासंगच घरात येतीन.”

त्यानंतर आमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. एकानं हत्तीच्या जागी स्वतःचा ट्रॅक्टर काढून मागितला. तोही नंबरासकट. तो आम्ही काढला, आणि त्यावर गणपती बसवायची त्याची सूचना तेवढी नम्रपणे नाकारली. पौर्णिमाच्या वस्तीत एक बौद्ध मंगल परिणय होता, तिथे निळा पट्टा आणि पिंपळाची पानं काढली. पोरांनी झाडाखाली बसून खरी पानं पाहिली, शिरा मोजल्या. ते काम सगळ्यात निर्विघ्न पार पडलं, कारण पिंपळाच्या पानाला तोंड नसतं.

एक खंत आहेच. चुन्यावरचं चित्र पावसाळ्यात उतरतं. वैशालीच्या घरचे हत्ती आता नुसते दोन करडे डाग उरले आहेत. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, त्यातलं चित्रकार कोणी झालं नाही. एक जण मालेगावात गाड्यांच्या नंबरप्लेटा लिहितो, तो माझी स्कूटी फुकट रंगवून देतो. माझ्यानंतर या जागेवर कोणी येईल की नाही, हेही कोणी सांगत नाही. पण नववीचे दोन तास अजून आहेत, आणि ते चित्रकलेचेच आहेत.

मागच्या आठवड्यात त्यातल्याच एका तासाला मुख्याध्यापक सर वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पौर्णिमा आता दहावीला आहे, पण भिंतीचं काम असलं की नववीच्या पोरांना दाखवायला येते, तशी तेव्हाही आली होती. सर जरा अवघडून म्हणाले, “मॅडम, माझ्या पुतण्याचं लग्न आहे. घरचे म्हणत होते, भिंत लिहून मिळाली तर...”

मी काही बोलायच्या आधी पौर्णिमानं विचारलं, “हत्ती कोनत्या तोंडाचे पाह्यजेत सर?”

“आत तोंड केलेलेच की. मुलाकडचं घर आहे.”

“तुमच्या मनानं नका सांगू सर. घरी मोठी आत्या कोन हाय, तिले इचारा. मंग आमी सूत मारतो.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहायला लागले. मग दारातच उभं राहून, सगळ्या वर्गासमोर, सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि आत्याला फोन लावला.